तीच सात मुलं, दुसरी कारकीर्द

२०२१ साल संपताना जपानच्या ओरिकॉन या संस्थेने नेहमीप्रमाणे वर्षभरात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांची यादी जाहीर केली. पहिल्या क्रमांकावर होता ‘बीटीएस, द बेस्ट’. परदेशी कलाकाराचा अल्बम या वार्षिक यादीत अव्वल येण्याची ही ३७ वर्षांतली पहिलीच वेळ होती. त्याआधीचा मान १९८४ साली मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ने मिळवला होता.

इथवर ही नुसती बातमी झाली. खरी गंमत त्या सीडीच्या आत आहे. ‘थ्रिलर’ जगभर एकच होता. लंडनमध्ये ऐका की टोकियोत, तीच नऊ गाणी आणि तीच इंग्रजी. ‘बीटीएस, द बेस्ट’ मात्र जपानी श्रोत्यांसाठी वेगळा बांधलेला. बीटीएस या बँडमधली, गाणारी सातही मुलं कोरियन, दोन सीडींवर मिळून २३ गाणी, आणि ती जवळजवळ सगळी जपानी भाषेत. त्यातली पुष्कळशी आधी कोरियन भाषेत गायली गेली, जगभर गाजली, आणि मग तीच चाल, तेच संगीत, तेच आवाज कायम ठेवून जपानीत नव्याने गायली गेली. उरलेली काही तर कोरियनमध्ये कधी झालीच नाहीत.

मग हे ‘बेस्ट’ म्हणजे कशातलं बेस्ट? बीटीएसच्या एकूण कारकिर्दीतलं म्हणावं, तर त्या कारकिर्दीचा मोठा हिस्सा यात नाहीच. हे बेस्ट आहे त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीतलं, जी पहिलीला समांतर, पण वेगळ्या भाषेत, वेगळ्या रेकॉर्ड कंपनीकडे आणि बऱ्याच अंशी वेगळ्या गाण्यांवर चालत राहिली. कोरियन बँड जपानमध्ये गाणी ‘निर्यात’ करतात असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ते तिथे जाऊन पुन्हा एकदा जन्म घेतात.

पदार्पण, पुन्हा एकदा

बीटीएसने सोलमध्ये पदार्पण केलं १३ जून २०१३ रोजी. वर्षभराने, ४ जून २०१४ला, त्यांनी जपानमध्ये पदार्पण केलं. हा शब्द तिकडे अगदी गंभीरपणे वापरला जातो. आपल्या देशात तुम्ही कितीही नाव कमावलेलं असो, जपानी सिंगल निघत नाही तोवर जपानच्या लेखी तुम्ही आलेलेच नसता. त्यांचं पहिलं कोरियन गाणं ‘नो मोअर ड्रीम’ जपानी शब्दांत निघालं, ते पोनी कॅन्यन या जुन्या जपानी कंपनीकडून. जपानसाठी स्वतंत्र फॅन क्लबही चालतो. पुढे ‘वेक अप’ (२०१४), ‘यूथ’ (२०१६), ‘फेस युवरसेल्फ’ (२०१८) आणि ‘मॅप ऑफ द सोल : सेव्हन – द जर्नी’ (२०२०) हे जपानी अल्बम आले. कोरियातल्या अल्बमांची मालिका याच्या शेजारून आपल्या गतीने चालूच होती.

२०१७च्या सुरुवातीला पोनी कॅन्यनने ‘द बेस्ट ऑफ बीटीएस’ हा संग्रह काढला. त्याच्या दोन आवृत्त्या होत्या : एक जपान आवृत्ती, एक कोरिया आवृत्ती. एकाच बँडचे दोन ‘बेस्ट’, देशाप्रमाणे वेगळे. त्याच वर्षी बँडचा जपानी संसार युनिव्हर्सल म्युझिककडे गेला. १६ जून २०२१ला आलेला ‘बीटीएस, द बेस्ट’ तिथून पुढच्या चार वर्षांचा हिशेब मांडतो. म्हणजे एखाद्या बँडचा जपानी संग्रह हातात घेतला, तर गाण्यांच्या निवडीत फक्त आवडनिवड नसते. कोणती वर्षं कोणत्या कंपनीच्या पदरात पडली, हेही त्यात नोंदलेलं असतं.

चालीवर शब्द बसवताना

आता त्या गाण्यांच्या जवळ जाऊ. तयार चालीवर दुसऱ्या भाषेतले शब्द बसवायचे, हे काम मराठी माणसाला नवखं नाही. आपलं नाट्यसंगीत बरंचसं असंच उभं राहिलं. हिंदुस्तानी चिजांच्या आणि ठुमऱ्यांच्या चाली घ्यायच्या आणि त्यांवर मराठी पदं रचायची. किर्लोस्करांपासूनच्या नाटककारांनी हे केलं आणि ती पदं इतकी आपली झाली की मूळ चीज कोणती, हे सांगायला जाणकार लागतो. कोरियन गाण्याचं जपानी रूप करणारा गीतकार याच जातीचं काम करतो. फक्त त्याच्या वाट्याला आलेली अडचण वेगळी असते.

व्याकरणाच्या बाबतीत तो नशीबवान आहे. कोरियन आणि जपानी दोन्ही भाषांत, मराठीसारखंच, क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नामाच्या मागून छोटे प्रत्यय लागतात. त्यामुळे ओळीतला जोर जिथे पडायचा तिथेच बहुधा पडतो. इंग्रजीतून जपानीत येताना वाक्य उलटंपालटं करावं लागतं, ते इथे फारसं करावं लागत नाही. चिनीतून आलेले शेकडो शब्दही दोन्ही भाषांत जुळे आहेत.

पण ध्वनी मात्र जुळत नाहीत. कोरियन शब्दांत पाय मोडलेली अक्षरं भरपूर. शब्द क्, प्, म्, ल् अशा व्यंजनांवर खाडकन थांबतो. जपानीत एखाद्या ‘न्’सारखा अपवाद सोडला, तर प्रत्येक व्यंजनाला स्वर लागतोच आणि प्रत्येक अक्षराला साधारण सारखाच वेळ द्यावा लागतो. परिणाम असा की तोच अर्थ जपानीत सांगायला बहुतेक वेळा जास्त अक्षरं लागतात.

‘बीटीएस, द बेस्ट’मधलंच उदाहरण घ्या. २०१६चं ‘ब्लड स्वेट अँड टिअर्स’ हे गाणं कोरियनमध्ये ‘पी, त्ताम्, नुन्मुल्’ या नावाने ओळखलं जातं. रक्त, घाम, अश्रू. मोजून चार उच्चार, त्यातले तीन व्यंजनावर आपटून थांबणारे. २०१७च्या जपानी रूपात तेच नाव झालं ‘चि, आसे, नामिदा’. एक अक्षर, मग दोन, मग तीन : एकूण सहा, आणि सहाही स्वरांत उघडी. चार ठोक्यांच्या जागी सहा अक्षरं बसवायची. नावाच्या बाबतीत हे एवढंच. अख्ख्या गाण्यात प्रत्येक ओळीला हा प्रश्न येतो. गीतकारापुढे तीनच वाटा असतात. एका सुरावर दोन अक्षरं सरकवायची, प्रत्यय गाळून वाक्य आटोपशीर करायचं, किंवा सरळ अर्थातलं काहीतरी सोडून द्यायचं. तिसरी वाट जितकी कमी वापराल, तितकं काम चांगलं. बीटीएसच्या अनेक जपानी गाण्यांवर केएम-मार्किट या गीतकाराचं नाव दिसतं, ते याच कसरतीसाठी.

रॅपमध्ये ही कसरत आणखी अवघड होते. कोरियन रॅपचा ठसका त्या थांबणाऱ्या व्यंजनांवर असतो. तडतड फुटणारे शब्द जपानीत आले की गोल होतात, वाहू लागतात. ‘माइक ड्रॉप’सारखं गाणं दोन्ही भाषांत लागोपाठ ऐकलं की ताल, आवाज, आवेश सगळं तेच असूनही पोत बदललेला जाणवतो. मूळ गाण्यातले इंग्रजी तुकडे बहुधा जसेच्या तसे ठेवलेले असतात. तेवढ्या जागी दोन्ही रूपं एकमेकांवर चपखल बसतात आणि पुढच्याच क्षणी पुन्हा वेगळी होतात.

मालिकेच्या शेवटी वाजणारं गाणं

जपानी रूपांतरं ही झाली अर्धी गोष्ट. दुसरा भाग आहे फक्त जपानसाठीच लिहिलेल्या गाण्यांचा : ‘क्रिस्टल स्नो’, ‘डोंट लीव्ह मी’, ‘लाइट्स’, ‘स्टे गोल्ड’, ‘युअर आइज टेल’, ‘फिल्म आउट’.

जपानमध्ये गाणं लोकांपर्यंत पोचवण्याचा हमखास मार्ग म्हणजे त्याची सांगड टीव्ही मालिकेशी, चित्रपटाशी किंवा जाहिरातीशी घालणं. याला तिथे ‘टाय-अप’ म्हणतात. १९८०-९०च्या दशकांत ही पद्धत इतकी मुरली की नव्या मालिकेच्या घोषणेत नट-नट्यांच्या जोडीने शीर्षकगीत कोणाचं, हीदेखील बातमीच असते. परदेशी बँडला जपानी घराच्या दिवाणखान्यात शिरायचं, तर हा दरवाजा सगळ्यात रुंद.

बीटीएसच्या बाबतीत या दरवाजातून एक विलक्षण येरझार झालेली दिसते. २०१६ साली कोरियात ‘सिग्नल’ नावाची मालिका गाजली. एक वॉकीटॉकी भूतकाळातल्या आणि वर्तमानातल्या पोलिसांना जोडते आणि जुने, न उलगडलेले गुन्हे उलगडत जातात, अशी तिची कथा. २०१८मध्ये जपानने तिची आपली आवृत्ती केली, जपानी नट घेऊन, जपानी शहरांत. तिचं शीर्षकगीत होतं बीटीएसचं ‘डोंट लीव्ह मी’. पुढे त्याच जपानी मालिकेवर चित्रपट निघाला, २०२१च्या एप्रिलमध्ये, आणि त्याला गाणं मिळालं ‘फिल्म आउट’. म्हणजे कथा कोरियाची, तिचं रूपांतर जपानी, आणि त्या रूपांतराला आवाज पुन्हा कोरियन गळ्यांचा, पण जपानी शब्दांत.

‘फिल्म आउट’ची जन्मकथाही अशीच मिश्र. त्याची जुळणी ‘बॅक नंबर’ या जपानी रॉक बँडचा गायक-गीतकार शिमिझु इयोरी, संगीतकार उता आणि बीटीएसचा जंगकूक यांनी मिळून केली. शिमिझु हा आपल्या देशात विरहगीतांसाठी ओळखला जाणारा माणूस. त्यामुळे गाण्याच्या वळणात जपानी बॅलडची ठेवण आली आहे : सावकाश सुरुवात, मग भरत भरत जाणारा वाद्यमेळ.

‘युअर आइज टेल’चंही तेच. २०११च्या ‘ऑलवेज’ या कोरियन प्रेमपटाची जपानी आवृत्ती २०२०मध्ये आली. तिच्यासाठी वापरलेल्या या गाण्याच्या लेखनात पुन्हा जंगकूकच होता. एका देशाचं कथानक दुसरा देश उचलतो आणि त्याला गाणं देण्यासाठी पहिल्याच देशाच्या मुलांना बोलावतो, हे दोनदा झालं. योगायोग म्हणायला दोनदा जरा जास्तच झालं.

या सगळ्यामुळे ‘बेस्ट’ संग्रहाची गरजही कळते. जपानी गाणी अशी विखुरलेली असतात. एक सिंगलवर, एक चित्रपटाबरोबर, एक अल्बमच्या पोटात. ती एका ठिकाणी मिळावीत म्हणून ‘बेस्ट-बान’ काढायचा, ही जपानमधली जुनी आणि भलतीच फायद्याची रीत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ग्ले आणि बीज या जपानी बँडांचे असे संग्रह प्रत्येकी ४५ लाखांच्या वर खपले. जपानच्या सर्वकालीन खपाच्या यादीत ते आजही वरच्या जागा धरून आहेत. कोरियन बँड या रांगेत येऊन उभे राहिले, इतकंच.

पुठ्ठा, पट्टी आणि कायदा

जगात सगळीकडे गाणी फोनवर जाऊन बसली असताना २०२१मध्ये सीडी घेतं कोण? जपानमध्ये घेतात. अमेरिकेखालोखालची जगातली दुसरी मोठी संगीत बाजारपेठ जपानची, आणि तिथे त्या काळातही उत्पन्नाचा मोठा वाटा सीडी-डीव्हीडीसारख्या हातात धरता येणाऱ्या वस्तूंमधून येत होता.

यामागे सवय आहे, तसा कायदाही आहे. जपानच्या स्पर्धाविषयक कायद्यात १९५३ साली एक सवलत घातली गेली. पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि रेकॉर्ड यांची विक्री-किंमत उत्पादकाने बांधून दिली तरी चालेल, दुकानदाराने ती पाडायची नाही. त्यामुळे नवी सीडी कुठल्याही दुकानात त्याच भावाला मिळते आणि भाव पडत नाही. साधा अल्बम साधारण ३,००० येनच्या घरात. भावात स्पर्धा नाही, तर स्पर्धा होते वस्तूत. जपानी सीडीच्या डाव्या कडेला गुंडाळलेली ‘ओबी’ नावाची कागदी पट्टी पाहा. तिच्यावर नाव, किंमत, कंपनीचा क्रमांक, दोन ओळींची जाहिरात असं सगळं बारीक अक्षरांत दाटलेलं असतं. ती फाडून टाकायची नसते. पट्टीसकट सीडी आणि पट्टीविना सीडी यांना जुन्या बाजारात वेगळा भाव येतो.

‘बीटीएस, द बेस्ट’च्याही अनेक आवृत्त्या निघाल्या. एकीत ब्ल्यू-रे, एकीत डीव्हीडी, एकीत फोटोपुस्तिका, एक साधी, शिवाय फॅन क्लबच्या सदस्यांसाठी वेगळी. गाणी तीच, पुठ्ठ्याच्या आतला ऐवज वेगळा. निष्ठावंत चाहता यातली एकच घेऊन थांबत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात खपलेल्या ७,८२,००० प्रती म्हणजे तितकीच माणसं, असं मानता येणार नाही. वर्षअखेरपर्यंत ओरिकॉनचा आकडा जवळपास १० लाखांपर्यंत गेला. रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने त्याआधीच ‘मिलियन’ प्रमाणपत्र देऊन टाकलं होतं. यात विसंगती नाही. ओरिकॉन गिऱ्हाइकाला विकलेल्या प्रती मोजतं, संघटना दुकानांकडे रवाना केलेल्या.

त्या वर्षीच्या खपाला आणखी एक कारण होतं. २०२० साली जपानमधल्या मोठ्या मैदानांवर ठरलेला बँडचा दौरा करोनामुळे रद्द झाला होता. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचं होतं ते पाहता आलं नाही. मग निदान संग्रह तरी घरात हवा, असं हजारोंना वाटलं असेल, तर नवल नाही.

बुसानचं बंदर

कोरियन गाणी जपानला नेण्याचा हा रस्ता बीटीएसने पाडलेला नाही. तो बराच जुना आहे आणि त्यावर काटेही आहेत.

कोरियातलं बुसान आणि जपानचं त्सुशिमा बेट यांच्यात जेमतेम ५० किलोमीटर समुद्र आहे. १९१० ते १९४५ कोरियावर जपानची सत्ता होती, आणि स्वातंत्र्यानंतर कोरियाने जपानी गाणी, चित्रपट, कॉमिक्स यांना दार बंद केलं. पण उलट दिशेने गाणी जात राहिली. चो योंग-पिल यांचं ‘बुसान बंदरात परत ये’ अशा अर्थाचं गाणं १९७०च्या दशकात कोरियात तुफान गाजलं. जपानमध्ये राहिलेले कोरियन लोक मायभूमीला भेट द्यायला येऊ लागले होते, आणि दुरावलेल्या भावाला घातलेली ती साद होती. जपानीत ते गाणं गेलं तेव्हा भावाच्या जागी प्रियकर आला. चाल टिकली, बंदर टिकलं, इतिहास गळून पडला. समुद्र ओलांडताना गाण्यातून काय उतरवून ठेवावं लागतं, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नसेल.

कोरियाने दार उघडायला सुरुवात केली ऑक्टोबर १९९८मध्ये, राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांच्या काळात, आणि तेही किलकिलं करत, टप्प्याटप्प्याने. जपानी भाषेतल्या गाण्यांच्या सीडी कोरियात विकायला परवानगी मिळाली ती थेट जानेवारी २००४मध्ये. म्हणजे मार्च २००२मध्ये बोआ ही किशोरवयीन कोरियन गायिका ‘लिसन टू माय हार्ट’ या जपानी अल्बमसह ओरिकॉनच्या शिखरावर पोचली, असं करणारी पहिली कोरियन ठरली, तेव्हा जपानी गाण्यांच्या सीडी तिच्या स्वतःच्या देशात विकायला मनाई होती!

बोआच्या पाठोपाठ तिच्याच एसएम एंटरटेनमेंटने एप्रिल २००५मध्ये पाच मुलांचा बँड जपानला पाठवला. कोरियातलं त्यांचं नाव दोंगबांगशिन्गी, तीच चिनी अक्षरं जपानी पद्धतीने वाचून झालं तोहोशिंकी. मायदेशी ते तारे होते. जपानमध्ये त्यांचं पहिलं सिंगल पहिल्या तिसांतही पोचलं नाही. त्यांनी मग नवख्यांसारखी सुरुवात केली. भाषा शिकले, लहान कार्यक्रम केले, एकामागून एक सिंगल काढत राहिले. अखेर जानेवारी २००८मध्ये ‘पर्पल लाइन’ पहिल्या क्रमांकावर आलं, आणि जुलै २००९मध्ये ते पन्नास हजारांवर प्रेक्षक मावणाऱ्या टोकियो डोममध्ये उभे राहिले.

त्याच महिन्याच्या अखेरीस पाचांपैकी तिघांनी १३ वर्षांच्या कराराविरुद्ध आपल्या कंपनीला कोर्टात खेचलं. फेब्रुवारी २०१०मध्ये बँडचा ‘बेस्ट सिलेक्शन २०१०’ बाजारात आला आणि पहिल्या आठवड्यात चार लाखांच्या वर खपला. एप्रिलमध्ये जपानी कंपनी एव्हेक्सने बँडचं काम थांबत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे तो संग्रह पाचजणांचा जपानमधला निरोप ठरला, तशी तो काढणाऱ्यांची योजना असो वा नसो. ‘बेस्ट’ संग्रहांच्या नशिबी हे अधूनमधून येतं. शायनी या बँडचा ‘द बेस्ट फ्रॉम नाऊ ऑन’ एप्रिल २०१८मध्ये आला, तो जोंगह्यन या त्यांच्या साथीदाराच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी, आणि त्यातल्या नव्या गाण्यात त्याचाही आवाज आहे.

तारखा शेजारी ठेवून पाहिल्या तर

जुने घाव भरले म्हणून हे सगळं शक्य झालं, असा समज करून घ्यायचा मोह होतो. तारखा वेगळंच सांगतात.

नोव्हेंबर २०१८. बीटीएसमधल्या जिमिनने पूर्वी कधीतरी घातलेला एक टी-शर्ट जपानमध्ये चर्चेत आला. त्यावर कोरियाच्या स्वातंत्र्याविषयीच्या शब्दांशेजारी अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र होतं. एका मोठ्या वाहिनीने आपल्या संगीत कार्यक्रमातला बँडचा सहभाग आदल्या संध्याकाळी रद्द केला. बीटीएसच्या कोरियन कंपनीने माफी मागितली, शिवाय कोरियातल्या अणुबॉम्बपीडितांशीही संपर्क साधला. कारण हिरोशिमा-नागासाकीत मेलेल्यांत आणि होरपळलेल्यांत हजारो कोरियनही होते. हा गदारोळ चालू असताना त्याच आठवड्यात आलेलं त्यांचं जपानी सिंगल पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि १३-१४ नोव्हेंबरचे टोकियो डोममधले कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडले.

जुलै २०१९. पहिल्या तारखेला जपान सरकारने कोरियाला जाणाऱ्या, सेमीकंडक्टरसाठी लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध जाहीर केले. ते चार तारखेला लागू झाले. कोरियात जपानी मालावर बहिष्काराची लाट उसळली. आणि नेमकी तीन तारखेला बीटीएसचं ‘लाइट्स’ हे जपानी सिंगल निघालं. पुढच्याच महिन्यात त्याला जपानमध्ये ‘मिलियन’ प्रमाणपत्र मिळालं. रसायनं अडली, सीडी अडली नाही.

यातून गाणी राजकारणावर मात करतात असा सोयीचा निष्कर्ष काढू नये. निर्बंध गाण्याने उठले नाहीत, इतिहासाचे वाद गाण्याने मिटले नाहीत. झालं ते एवढंच, की त्याच समाजात एक असा व्यवहार उभा राहिला जो भांडणाच्या शेजारून चालू शकतो. आणि तो चालू शकतो याचं एक कारण ‘बीटीएस, द बेस्ट’सारख्या संग्रहातच आहे : ऐकणाऱ्याच्या भाषेत गाण्याची तयारी. वसाहतीच्या काळात कोरियन माणसांवर जपानी भाषा लादली गेली होती. तीच भाषा त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या पिढीने उपजीविकेसाठी, स्वतःहून शिकली आणि तिच्यात गाऊन जपानी तरुणाईला खिशात घातलं. त्या शिकण्यात धंदा आहे, यात शंकाच नाही. पण भाषेचा ताबा इथे कोणाकडून कोणाकडे गेला, हेही पाहण्यासारखं आहे.

पुढचं वळण

‘बीटीएस, द बेस्ट’मध्ये एक गाणं मात्र जपानी पोशाख न घालता बसलं आहे : ‘डायनामाइट’. ऑगस्ट २०२०मध्ये इंग्रजीत आलेल्या या गाण्याने अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला, जपानमध्येही ते ऑनलाइन अफाट ऐकलं गेलं. त्याला जपानी शब्द द्यायची गरज कोणाला वाटली नाही. २३ गाण्यांत हे एकच गाणं वेगळं दिसतं, आणि बदलाची दिशाही तेच दाखवतं. फोनवर कोरियन गाणं ज्या मिनिटाला सोलमध्ये प्रसिद्ध होतं, त्याच मिनिटाला ते ओसाकातही ऐकू येतं. मग सहा महिन्यांनी येणाऱ्या जपानी रूपासाठी कोण थांबेल?

दुसऱ्या बाजूने कोरियन कंपन्यांनी आणखी एक पाऊल टाकलं आहे. २०२०मध्ये निझियू हा मुलींचा गट आला. तो कोरियाच्या जेवायपी आणि जपानच्या सोनी म्युझिकने मिळून घडवला. पद्धत कोरियन, पण मुली जपानी, गाणी मुळातच जपानी. त्याच वर्षी पदार्पण केलेला जेओ-वन हा मुलांचा गट कोरियन स्पर्धा-कार्यक्रमाच्या जपानी आवृत्तीतून निवडला गेला होता. इथे रूपांतराचा प्रश्नच मिटतो, कारण समुद्र ओलांडून गेलं ते गाणं नव्हे, गाणारे घडवण्याचं तंत्र.

तरीही जपानी ‘बेस्ट’ संग्रह निघत राहतील असं वाटतं, कारण त्यात जे आहे ते मूळ अल्बमांमध्ये सापडत नाही. पटत नसेल तर एक करून पाहा. ‘ब्लड स्वेट अँड टिअर्स’ आधी कोरियनमध्ये आणि लगेच जपानीत ऐका. शब्दार्थाच्या मागे लागू नका, फक्त शब्द कुठे आपटून थांबतात आणि कुठे स्वरात उघडे राहतात, इकडे कान द्या. दोन्हींपैकी एकही भाषा येत नसली तरी कोणतं रूप कोणत्या किनाऱ्याचं, ते दोन कडव्यांत ओळखू येईल. आणि मग त्याच सात आवाजांना दोन कारकिर्दी का लागल्या, हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.